बंद दरीची गोष्ट : भांगेची विविधता आणि विलगीकरणाचे सोपे उत्तर

उत्क्रांतीचे प्रकरण शिकवताना ‘भौगोलिक विलगीकरण’ ही संज्ञा येतेच. फळ्यावर मध्यभागी एक डोंगर काढावा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे दोन गट दाखवावेत, त्यांच्यातील देवाणघेवाण थांबली असे सांगावे आणि पुष्कळ काळानंतर दोन वेगळ्या जाती तयार झाल्या असा निष्कर्ष लिहावा. हे चित्र चुकीचे नाही. पण ते इतके सुटसुटीत आहे की, कोणत्याही वनस्पतीतला कोणताही फरक दिसला की लगेच तेच पुढे केले जाते. असे तयार उत्तर हाताशी असले की प्रश्न नीट विचारण्याची सवय सुटते.

अलीकडच्या काळात या चित्राचा सर्वाधिक सैल वापर भांगेच्या बाबतीत झालेला आम्हांला आढळतो. लोकप्रिय लेखांत, माहितीपटांत आणि बियाणे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत एकच गोष्ट थोड्याफार फरकाने सांगितली जाते. हिमालयातील किंवा हिंदुकुशातील एक दुर्गम दरी असते. तिथली भांग हजारो वर्षे जगापासून तुटून वाढलेली असते. म्हणून ती ‘शुद्ध’ असते आणि म्हणूनच ती जनुकीय विविधतेचा खजिना असते. या गोष्टीतले किती खरे, किती अर्धवट आणि किती निराधार, याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

शिक्षकांच्या मासिकात भांगेची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. हे नाव वर्गात उच्चारताच मागच्या बाकांवर खसखस पिकते, हे खरे. पण ही एकाच वेळी धाग्याची, बियांची, औषधाची आणि नशेची वनस्पती आहे. माणसाबरोबर ती जवळजवळ सर्व जगभर पोचली आहे. त्यामुळे विलगीकरण, निवड आणि स्थलांतर यांची गुंतागुंत दाखवण्यास तिच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते. शिवाय हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. स्थानिक वाण टिकवायचे असतील, तर ते वेगळे कशामुळे झाले हे ठाऊक असले पाहिजे. निदान चुकले की उपायही चुकतो.

विलगीकरण विविधता वाढवते की घटवते?

गोष्टीतली पहिली अडचण तर्काचीच आहे. बंद दरीतील वाण ‘शुद्ध’ आहे म्हणजे तिथल्या झाडांमध्ये आपसांत फारसा फरक नाही. तो ‘विविधतेचा खजिना’ आहे म्हणजे त्यांच्यात पुष्कळ फरक आहे. एकाच दरीविषयी ही दोन्ही विधाने एका दमात कशी करता येतील?

गोंधळ होतो तो विविधतेच्या दोन पातळ्या एकत्र केल्यामुळे. एका गटाच्या आतली विविधता वेगळी आणि दोन गटांमधला फरक वेगळा. विलगीकरण नवे जनुक निर्माण करीत नाही. ते काम उत्परिवर्तनाचे. विलगीकरणामुळे बाहेरून येणारा पुरवठा थांबतो. लहान गटात प्रत्येक पिढीत काही जनुकरूपे केवळ योगायोगाने पुढे जातात आणि काही गळतात. याला जनुकीय विचलन म्हणतात. गटात न झाडे असतील, तर आतली विविधता दर पिढीला सरासरी १ भागिले २न इतक्या प्रमाणात घटते. दहा झाडांच्या गटात ही घट पिढीला ५ टक्के असते. म्हणजे दहा पिढ्यांनंतर मूळ विविधतेपैकी सुमारे ६० टक्केच उरते. हजार झाडांच्या गटात मात्र ही घट पिढीला ०.०५ टक्के, म्हणजे नगण्य असते.

याच वेळी शेजारच्या दरीत वेगळी जनुकरूपे गळत असतात. म्हणून प्रत्येक दरी आतून गरीब होत जाते आणि दऱ्या एकमेकींपासून वेगळ्या होत जातात. सर्व दऱ्यांची बेरीज पाहिली तर विविधता मोठी दिसते. ‘विलगीकरणाने विविधता घडते’ हे वाक्य या अर्थाने खरे आहे, पण एकट्या दरीपुरते ते बहुधा उलटेच असते. खजिना असलाच तर तो अनेक दऱ्यांत वाटलेला असतो. त्यातली एकच दरी जपून तो जपला जात नाही.

वाऱ्याला दरी ठाऊक नसते

दुसरी अडचण ‘बंद’ या शब्दाची. दरी कोणासाठी बंद? नकाशावरचा डोंगर माणसाला अडवतो म्हणून तो परागकणालाही अडवतो असे नाही. भांग ही वाऱ्याने परागण होणारी वनस्पती आहे. बहुधा तिची नर व मादी झाडे वेगळी असतात, आणि नर झाड हलके परागकण विपुल प्रमाणात हवेत सोडते. मोरोक्कोच्या रिफ पर्वतातील भांगेचे परागकण समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमधील मालागा परिसरातील हवेत सापडतात, असे तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. शुद्ध बियाणे तयार करताना भांगेच्या दोन शेतांमध्ये सुमारे ५ किलोमीटर अंतर राखावे, अशी शिफारस कॅनडातील परागणाच्या अभ्यासावरून २००३ साली करण्यात आली. मक्याच्या बीजोत्पादनासाठीही अंतर राखावे लागते, हे आपल्याकडील अनेक शेतकऱ्यांना अनुभवाने माहीत असते. कारण तेच आहे.

अर्थात पराग पोचणे आणि बी धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबच्या प्रवासात पुष्कळसे परागकण निकामी होतात आणि जवळच्या झाडांचा पराग आधीच हजर असतो. तेव्हा ‘स्पेनपर्यंत पराग जातो, म्हणजे विलगीकरण अशक्य’ असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. प्रश्न असा विचारायला हवा : दर पिढीला बाहेरची किती जनुके प्रत्यक्षात आत येतात?

याचे उत्तर चकित करणारे आहे. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सेवाल राइट यांनी १९३१ साली मांडलेल्या गणिताचे सार असे की, काही आदर्श गृहीतके धरली तर दर पिढीला सरासरी एक आगंतुक आला तरी दोन गट फार दूर जात नाहीत. गटांमधील फरक शून्य ते एक अशा मापाने मोजला, तर एका आगंतुकाने तो सुमारे ०.२ वर स्थिरावतो. दहा आगंतुकांनी तो ०.०२४ इतका खाली येतो. विशेष म्हणजे गट शंभर झाडांचा असो की लाख झाडांचा, उत्तर जवळपास तेच राहते. परागकण जनुकांचा एकच संच आणतो, म्हणून बाहेरच्या परागाने धरलेली दोन बीजे म्हणजे एक आगंतुक. बाहेरच्या परागाची अशी मोजकी बीजे दरवर्षी धरत असतील, तर ती दरी जनुकांच्या दृष्टीने बंद नव्हे. तिचे दार किलकिले आहे.

त्यात भर माणसाची. वाटसरूच्या पिशवीतून मूठभर बी सहज प्रवास करते. भारतातून १८४५ पासून जमैकात करारावर मजूर नेले जाऊ लागले. त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्द त्या बेटावर रुजला आणि आजही तो तिथे त्याच अर्थाने वापरला जातो. चहूबाजूंनी समुद्र असलेले बेट म्हणजे विलगीकरणाचा आदर्श नमुना; पण जिथे शब्द पोचतो तिथे बी पोचायला अडचण कोणती?

डोंगरापेक्षा दिवसाची लांबी

मग भांगेत भौगोलिक अडथळा काहीच काम करीत नाही का? करतो, पण तो फळ्यावरच्या डोंगरासारखा नसतो.

भांग सामान्यतः लहान दिवसांची वनस्पती आहे. रात्र पुरेशी मोठी झाली की ती फुलोऱ्यावर येते. उत्तरेकडे उन्हाळ्याचे दिवस फार मोठे आणि थंडी लवकर येणारी. तिथे दिवस बराच मोठा असतानाच फुलणारी झाडे टिकतात, उशिरा फुलणारी बी धरण्यापूर्वीच गारठतात. रशियाच्या काही भागांतील रानभांग तर दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करता वयाप्रमाणे फुलते. विषुववृत्ताच्या बाजूला मात्र सावकाश वाढून उशिरा फुलणारी झाडे फायद्यात राहतात. असे दोन वाण शेजारी लावले तरी एकाचा पराग उडून जातो तेव्हा दुसऱ्याला फुले आलेली नसतात. अंतर शून्य, पण देवाणघेवाण अल्प. हे काळाचे विलगीकरण अक्षांशाने घडवले आहे, आणि त्यामागे नैसर्गिक निवड आहे. ‘भूगोलामुळे फरक पडला’ हे वाक्य दोन्हींना लागू पडते, म्हणूनच ते पुरेसे नाही. भूगोलाने अडवले की भूगोलाने निवडले, हे वेगळे करून सांगितले पाहिजे.

इथे आणखी एक सावधगिरी हवी. दोन ठिकाणची झाडे वेगळी दिसतात, म्हणून ती जनुकीयदृष्ट्या वेगळी आहेत असे ठरत नाही. उंची, पानांची रुंदी, फांद्यांची दाटी यांवर माती, पाणी आणि ऊन यांचाही परिणाम होतो. स्वीडनचे तुरेसन यांनी १९२० च्या दशकात यावर साधा मार्ग रूढ केला : वेगवेगळ्या ठिकाणची झाडे आणून एकाच बागेत, सारख्या परिस्थितीत वाढवायची. तिथेही उरतो तो फरक आनुवंशिक. बंद दरीच्या गोष्टी सांगणारे ही पायरी सहसा गाळतात.

निवड करणारा माणूस

भांगेच्या विविधतेतला सर्वांत मोठा हात बहुधा माणसाचा आहे. धाग्यासाठी उंच, सरळ, कमी फांद्यांची झाडे हवीत; बियांसाठी भरघोस तुरे हवेत; राळेसाठी मादी फुलांवरील ग्रंथी हव्यात. जॉन मॅकपार्टलँड आणि अर्नेस्ट स्मॉल यांनी २०२० साली राळयुक्त भांगेचे दक्षिण आशियाई व मध्य आशियाई असे गट पाडले. भारताच्या बाजूला ताज्या तुऱ्यांवर हात घासून चरस काढण्याची किंवा तुरेच गांजा म्हणून वापरण्याची रीत आहे. अफगाणिस्तानच्या बाजूला वाळलेली झाडे झोडपून राळेची भुकटी चाळून घेतात. हवामान वेगळे आणि काढणीची रीतही वेगळी. दोन वाणांतील फरकात डोंगररांगेचा वाटा किती आणि चाळणीचा किती, हे नुसत्या नकाशावरून सांगता येणार नाही.

माणसाचा दुसरा परिणाम नजरेआड राहतो. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील नौगाव भागात, जो आज बांगलादेशात आहे, गांजाची शेती सरकारी देखरेखीखाली होत असे. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने तिचे तपशीलवार वर्णन केले आहे. तिथे नर झाडे ओळखून उपटून टाकणारे खास जाणकार असत, कारण बी धरले की गांजाची प्रत घसरते. आता हिशेब करा. शेतात शंभर मादी झाडे आहेत आणि नजरेतून सुटलेली दोनच नर झाडे. पुढच्या पिढीच्या दृष्टीने हा गट १०२ झाडांचा नसतो. नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला चारने गुणावे आणि दोन्हींच्या बेरजेने भागावे, असे सूत्र आहे. ८०० भागिले १०२, म्हणजे उत्तर आठच्या आत येते. डोंगर नाही, दरी नाही, सपाट शेत आहे; तरी जनुकीय विचलन आठ झाडांच्या गटाइतके! विलगीकरणाला ज्याचे श्रेय दिले जाते, ते कित्येकदा अशा रीतींचे असते.

संशोधन काय सांगते, काय सांगत नाही

लिनियस यांनी १७५३ साली भांगेला कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले. भारतातून आलेल्या नमुन्यांवरून लामार्क यांनी १७८५ साली कॅनाबिस इंडिका ही दुसरी जाती मांडली. तेव्हापासून जाती एक की अनेक हा वाद चालू आहे. स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ साली एकच जाती धरून तिच्या दोन उपजाती केल्या आणि त्यांच्यातील सीमारेषा म्हणून टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचे ०.३ टक्के हे प्रमाण घेतले. वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखलेली ही रेषा पुढे अनेक देशांच्या कायद्यांत शिरली. निसर्गात त्या ठिकाणी कोणतीही भिंत नाही, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

कार्ल हिलिग यांनी २००५ साली १५७ ठिकाणच्या व स्रोतांच्या नमुन्यांतील विकरांची रूपे १७ जनुकस्थानांवर तपासली. त्यांना सटायव्हा आणि इंडिका असे दोन मोठे गट दिसले आणि त्यांनी त्या दोन जाती मानल्या. काम कष्टाचे आहे आणि दोन गट दिसतात हे महत्त्वाचे आहे. पण गट दिसणे आणि जाती ठरणे यांत अंतर आहे. या गटांचा आपसांत सहज संकर होतो. तेव्हा प्रजननाच्या कसोटीवर त्यांना दोन जाती म्हणणे आमच्या मते कठीण आहे.

बाजारातील नावांची परीक्षा २०१५ साली झाली. कॅनडातील सॉयर आणि सहकाऱ्यांनी नशेच्या भांगेचे ८१ आणि धाग्याच्या भांगेचे ४३ नमुने डीएनएच्या पातळीवर तपासले. धाग्याची आणि नशेची भांग सर्व जनुकसंचभर वेगळी निघाली. पण ‘सटायव्हा’ व ‘इंडिका’ ही लेबले आणि प्रत्यक्ष वंश यांचा मेळ बेताचाच होता. जमैकाचा शंभर टक्के सटायव्हा म्हणून नोंदलेला एक नमुना अफगाणिस्तानच्या शंभर टक्के इंडिका म्हणवल्या जाणाऱ्या नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. बंद बेट आणि बंद दरी या दोन्ही गोष्टींचा निकाल या एका जोडीने लावला, असे म्हणायला हरकत नाही. निदान बाजारातल्या नावांपुरता तरी.

आणखी एक मोठे काम २०२१ चे. रेन आणि सहकाऱ्यांनी ११० झाडांचे संपूर्ण जनुकसंच तपासले. त्यांच्या मते भांग पूर्व आशियात सुमारे १२,००० वर्षांपूर्वी माणसाळली, आणि आजचे सर्व वाण ज्या मूळ साठ्यापासून निघाले त्याच्या सर्वांत जवळची झाडे चीनमध्ये आहेत. खरी रानटी पूर्वज भांग बहुधा नष्ट झाली असावी, असेही ते म्हणतात. म्हणजे दरीत आपोआप उगवलेली भांग पुष्कळदा रानटी नसून शेतातून रानात परतलेली असते. हा निष्कर्ष बंद दरीच्या गोष्टीला मोठाच धक्का देतो. तथापि इथेही हात राखूनच बोलावे. इतक्या विस्तीर्ण प्रदेशात पसरलेल्या वनस्पतीसाठी ११० ही संख्या मोठी नव्हे. नमुन्यांत न सापडणे म्हणजे जगात नसणे असे होत नाही. जिथून नमुने कमी, तिथला इतिहास धूसर राहतो. एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट तितक्याच भोळेपणाने बसवू नये.

पणाला काय लागले आहे

गढवाल आणि कुमाऊँमध्ये भांग ही केवळ नशेची वनस्पती नाही. तिच्या बियांची चटणी होते, सालीच्या धाग्याचे दोर आणि जाडेभरडे कापड होते. आपला १९८५ चा अंमली पदार्थविषयक कायदाही तुऱ्यांशिवायची पाने व बिया यांना ‘गांजा’च्या व्याख्येतून वगळतो आणि धागा किंवा बियांसाठीच्या लागवडीला सरकारी परवानगीची वाट ठेवतो. उत्तराखंडने २०१८ पासून अशा लागवडीचे परवाने देण्यास सुरुवात केली. तिथेही ०.३ टक्क्यांची तीच रेषा आहे.

आता वर सांगितलेले गणित इथे लावून पाहा. कमी टीएचसीचा परका वाण डोंगरात आणला, तर त्याचा पराग स्थानिक झाडांवर पडणार आणि स्थानिक पराग त्याच्यावर. शेतकऱ्याचे पुढच्या वर्षीचे बी रेषेच्या पलीकडे जाण्याचा धोका, आणि स्थानिक वाण हळूहळू विरघळण्याचाही धोका. रिफ पर्वतात जुन्या ‘बेलदिया’ भांगेची जागा गेल्या काही दशकांत बाहेरच्या संकरित वाणांनी मोठ्या प्रमाणात घेतली आहे. मॅकपार्टलँड आणि स्मॉल यांनी दक्षिण व मध्य आशियातील जुन्या वाणांविषयी हाच इशारा दिला आहे.

‘दरी बंद आहे, ती स्वतःला जपेल’ असे मानणाऱ्याला हा धोका दिसणारच नाही. वाण वेगळे राहिले ते डोंगरामुळे कमी आणि फुलण्याच्या वेळा, काढणीच्या रीती व घरचे बी राखण्याची सवय यांमुळे अधिक, असे असेल तर जपणूकही त्या रीतींचीच करावी लागेल. अनेक गावांतून बी गोळा करून ठेवावे लागेल, आणि तेही पुरेशा नर झाडांसह वाढवलेले. एका प्रसिद्ध दरीचे नाव पाटीवर लिहून हे काम होणार नाही.

वर्गात काय करता येईल?

यासाठी भांगेचे झाड नको. लाल व पांढरी चवळी पुरे. मुलांचे आठ-दहा गट करा. प्रत्येक गटाची पिशवी ही एक दरी. तिच्यात दहा लाल व दहा पांढरे दाणे ठेवा. ही दहा झाडांची वीस जनुके. न पाहता एक दाणा काढायचा, रंग लिहायचा आणि दाणा परत टाकायचा, असे वीस वेळा करा. जे प्रमाण निघेल त्या प्रमाणात पिशवी पुन्हा भरा. ही दुसरी पिढी. अशा दहा पिढ्या झाल्या की काही पिशव्या जवळजवळ लाल, काही जवळजवळ पांढऱ्या झालेल्या दिसतील. सर्व पिशव्यांची बेरीज मात्र निम्म्याच्या आसपासच राहण्याचा संभव अधिक.

मग तोच खेळ पुन्हा खेळा. पण आता दर पिढीला प्रत्येक गटाने शेजाऱ्याच्या पिशवीशी न पाहता दोन दाण्यांची अदलाबदल करायची. हा राइट यांचा एक आगंतुक. पिशव्यांमधला फरक किती आवळला जातो, ते मुलांना मोजू द्या. तिसऱ्या फेरीत एका पिशवीत लाल दाणा निघाला की तो दोनदा मोजायचा; ही निवड. शेवटी कोणती पिशवी कोणत्या फेरीतली हे न सांगता फक्त अंतिम प्रमाणे फळ्यावर लिहा आणि विचारा : ही पिशवी लाल झाली ती योगायोगाने की निवडीने?

एका पिशवीवरून उत्तर देता येत नाही, हे मुलांच्या लवकरच ध्यानात येईल. अनेक पिशव्या पाहाव्या लागतात, पिढ्यांची नोंद लागते आणि दाणे कोठून आले ते विचारावे लागते. एवढे समजले की फळ्यावरचा डोंगर पुसण्याची गरज नाही. फक्त त्याच्या शेजारी वाऱ्याचा एक बाण, सूर्याचे एक चिन्ह आणि पिशवी घेऊन चाललेला एक माणूस काढावा.